वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे सुटे भाग आणि परदेशातील सुटी

प्रश्न : आमच्याकडे १९५७ सालची फियाट ११०० 'एलिगंट' आहे. डेंटिंग-पेंटिंग पूर्ण झाले असून इंजिनही चालू आहे, परंतु पुढची जाळी, टेललाइटच्या काचा, दारांची हँडले, क्रोमच्या पट्ट्या आणि डॅशबोर्डवरील मीटर मिळत नसल्याने गाडी अर्धवट दिसते. सप्टेंबरमध्ये पत्नीसह मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम असा प्रवास ठरला आहे. आमच्या मेकॅनिकने पिस्टन-रिंग, क्लच प्लेट, किंगपिन, ब्रेक शू आणि कार्बुरेटर अशी मोठी यादी हाती ठेवली आहे. हे सर्व इटलीत कुठे शोधावे आणि विमानाने आणता येते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मेकॅनिकची यादी घरीच ठेवावी, आणि आपण पत्रात स्वतः लिहिलेली यादी सोबत घ्यावी. आपल्या 'डुक्कर फियाट'चे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे) आहे. ही गाडी भारतात बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीने हीच मापे पेट्रोलवरील पद्मिनीत शेवटपर्यंत, म्हणजे २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत, कायम ठेवली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेईपर्यंत या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे आणि पॅकिंगचे संच कुर्ल्यापासून ऑपेरा हाउसपर्यंत सहज मिळत होते, आणि दुकानांच्या माळ्यांवर त्यांचा साठा अजूनही आहे. मधल्या काळात कॉम्प्रेशन, कार्बुरेटर आणि काही किरकोळ भाग बदलले, त्यामुळे प्रत्येक वस्तू जशीच्या तशी बसेल असे नाही. परंतु जो भाग आपल्याकडचा टर्नर दोन दिवसांत बसवून देतो, त्यासाठी युरोपातून लोखंड वाहून आणण्यात अर्थ नाही. त्या टॅक्सी बंद झाल्यामुळे नवा माल यायचा आता थांबला आहे, तेव्हा इंजिनाची खरेदी इटलीला निघण्यापूर्वी मुंबईतच उरकलेली बरी.

इटलीतून आणायचे ते भारतात फारसे शिल्लक नसलेले भाग, म्हणजे पुढची जाळी, बंपरच्या टोकांवरचे उभे दांडे, बॉनेटवरील चिन्ह, चाकांच्या टोप्या, दिव्यांच्या काचा, मीटर आणि आतील हँडले. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम मांडली गेली तेव्हापासून इटलीत तिला 'मिल्लेचेन्तो' म्हणजे अकराशे याच नावाने ओळखतात. ती तेथील मध्यमवर्गाची गाडी होती, त्यामुळे तिचे अवशेष आजही खेडोपाडीच्या कोठारांतून निघत असतात. मात्र जाळी आणि चिन्हे दर एक-दोन वर्षांनी बदलत गेली. केवळ 'मिल्लेचेन्तो' एवढे सांगून भागणार नाही. मॉडेलचा क्रमांक आणि वर्ष दोन्ही सांगावे लागतील. मूळ '१०३' या मालिकेपुढे निरनिराळी अक्षरे लागत गेली. आपल्या गाडीच्या इंजिनकक्षातील पत्र्याच्या पट्टीवर कोणते अक्षर आहे ते पुसून वाचावे आणि त्याचे स्पष्ट छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे.

दुसरी सावधगिरी डाव्या-उजव्याची आहे, आणि पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण येथेच पैसे घालवतात. इटलीतील गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते. त्यामुळे स्टिअरिंग बॉक्स, पेडलची जोडणी, स्टिअरिंगखालच्या गिअरच्या कांड्या आणि वायपरची यंत्रणा आपल्या कामाची नाही. डॅशबोर्डचा पत्रा तर आरशातल्यासारखा उलटा असतो. त्यातील मीटर मात्र चालते, आणि स्टिअरिंगचे चाकही. हेडलाइटच्या काचेकडे नीट पाहावे. नंतरच्या काळातील युरोपीय काचांवर प्रकाश रस्त्याच्या उजव्या कडेकडे थोडा वर उचलणारी नक्षी असते. ती काच आपल्याकडे लावली, तर डिपर दिल्यानंतरही समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जातो. दोन्ही बाजूंना सारखी नक्षी असलेली जुनी काच मिळाली तर ती घ्यावी, एरवी हेडलाइट सोडून द्यावेत. विजेच्या भागांतही तोच विचार करावा. इटलीतील गाड्यांत प्रामुख्याने मान्येती मारेल्ली या कंपनीचा डायनॅमो आणि डिस्ट्रिब्यूटर असतो, तर भारतातील फियाटमध्ये पुढे लुकास-टीव्हीएसचे भाग आले. गेल्या पासष्टहून अधिक वर्षांत आपल्या गाडीत काय बदलले गेले आहे ते आधी उघडून पाहिल्याशिवाय यांपैकी काहीही विकत घेऊ नये.

हँडले आणि चिन्हे विकत घेताना घाई करू नये. हे भाग बहुधा मझाकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि त्यांवर क्रोमचा मुलामा असतो. हँडल हातात घेऊन उन्हाकडे तिरपे धरावे आणि नख हळूच फिरवावे. पृष्ठभागावर घामोळ्यांसारखे बारीक फोड लागले, तर आतील धातू खाल्ला गेला आहे असे समजावे. पुन्हा क्रोम करण्यासाठी जुना मुलामा आम्लात उतरवला की फोडांच्या जागी खड्डे पडतात, ते तांब्याने भरून घासत बसावे लागते, आणि नाजूक अक्षरे असलेले चिन्ह असेल तर अक्षरांच्या कडाच जातात. मुलामा नुसता मंद झालेला असेल, पण फोड नसतील, तर तो भाग खुशाल घ्यावा. पितळी भाग असेल तर प्रश्नच नाही. सोबत छोटे लोहचुंबक ठेवावे, म्हणजे क्रोमखाली लोखंड आहे की नाही एवढे तरी जागच्या जागी कळते.

दोन वस्तू कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. पहिली म्हणजे जुन्या साठ्यातील रबर. मूळ कंपनीच्या खोक्यात, मूळ कागदात गुंडाळलेला ब्रेकचा वॉशर पाहून मन हरखते, परंतु रबर न वापरताही म्हातारे होते, आणि साठ वर्षांच्या वॉशरवर ब्रेकचा भरवसा ठेवणे हा निव्वळ अविचार आहे. काचांभोवतीचे आणि दारांचे रबर मात्र इटलीत नव्याने तयार होऊन लांबीवर, मीटरच्या हिशेबाने विकले जाते. ते घ्यावे, आणि त्यासाठी जुन्या रबराचा बोटभर तुकडा आडवा कापून सोबत न्यावा. दुसरी वस्तू म्हणजे जुने ब्रेक शू आणि क्लच प्लेट. त्या काळच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. युरोपीय संघात त्यावर २००५ पासून पूर्ण बंदी आहे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. आपलेच जुने शू पुण्यात नव्या अस्तराने भरून घ्यावेत.

आता कुठे शोधावे हा प्रश्न. सप्टेंबरचा प्रवास हा आपला भाग्ययोगच म्हणावा लागेल, कारण त्याच महिन्यात इमोला येथील मोटारशर्यतींच्या मैदानावर जुन्या गाड्यांच्या भागांचा बाजार भरतो. अशा बाजाराला तिकडे 'मोस्त्रा स्काम्बियो' म्हणतात. ज्या धावपट्टीवर २०२५ पर्यंत फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या, तिच्यावरच दुतर्फा ताडपत्र्या आणि घडीची टेबले मांडून माणसे बसलेली असतात, आणि मैदानाला पूर्ण फेरी मारायची तर चार-पाच किलोमीटरची चाल होते. फ्लॉरेन्सहून बोलोन्यापर्यंत वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत आणि तेथून स्थानिक गाडीने सुमारे अर्ध्या तासात इमोलाला पोहोचता येते. स्थानकापासून मैदान पायी गाठता येते. तारखा दर वर्षी बदलतात, त्या तिकिटे काढण्यापूर्वीच पाहाव्यात. मिलानमध्ये लिनाते विमानतळाशेजारी नोव्हेग्रो येथेही वर्षातून काही वेळा असाच बाजार भरतो. ऑक्टोबरमधील बोलोन्याचे मोठे प्रदर्शन, जे २०२२ पर्यंत पादोव्हाला होत असे, ते देखणे असले तरी तेथे मांडलेल्या वस्तूंच्या किमतीही तितक्याच देखण्या असतात. आपल्या गाडीसाठी इमोलाच योग्य.

बाजारात सकाळी लवकर गेल्यास निवडीला वाव मिळतो आणि शेवटच्या दुपारी गेल्यास भाव उतरतो. दुर्मीळ जाळी हवी असेल तर सकाळच बरी. विक्रेत्यांपैकी पुष्कळ जण साठी उलटलेले असतात आणि इंग्रजी बेताचेच जाणतात, परंतु छायाचित्र दाखवून 'मिल्लेचेन्तो, चेन्तोत्रे' म्हणजे 'अकराशे, एकशेतीन' एवढे म्हटले की पुढचे काम हातवाऱ्यांनी होते. भारतात ही गाडी बनत होती हे सांगितल्यावर बहुतेकांना अप्रूप वाटते, आणि एखादा पलीकडच्या टेबलापर्यंत स्वतः घेऊन जातो. घासाघीस चालते, पण जुन्या बाजारासारखी निम्म्यावरून सुरुवात करू नये. पैसे रोख आणि सुटे ठेवावेत. गावांतील सुट्या भागांच्या दुकानांवर 'रिकाम्बी' असा शब्द दिसतो. ही दुकाने दुपारी साधारण साडेबारा ते साडेतीन बंद असतात. ऑगस्टच्या मध्यावर जाणाऱ्या वाचकांना तर ती कित्येक दिवस बंदच आढळतील, हे इतरांनी लक्षात ठेवावे.

नमुना नेणे सर्वांत उत्तम. हँडल, काच किंवा चिन्ह सोबत नेता येते. जाळी नेता येणार नाही, तेव्हा तिच्या बसण्याच्या जागेवर तपकिरी कागद दाबून कडा आणि भोके पेन्सिलीने उतरवून घ्यावीत. कागदाची घडी खिशात राहते आणि बाजारात जाळीवर थेट ठेवून पाहता येते. छायाचित्रावरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाळ्यांच्या भोकांत बोटभराचा फरक असू शकतो. व्हर्निअर (अचूक माप घेण्याचे साधन) मात्र विमानात हातातील पिशवीत ठेवू नये, सुरक्षा तपासणीत अडवला जाण्याची शक्यता असते.

विमानाने आणण्याबद्दल थोडक्यात असे की कोरडे, स्वच्छ, धातूचे आणि काचेचे भाग मोठ्या बॅगेत आणता येतात. पेट्रोलशी संबंध आलेला भाग, उदाहरणार्थ वापरलेला कार्बुरेटर किंवा पेट्रोल पंप, पूर्ण रिकामा, धुतलेला आणि वासरहित नसेल तर तो धोकादायक माल ठरतो आणि विमान कंपनी तो नाकारते; रंगाचे डबे तर नेताच येत नाहीत. एका बॅगेचे वजन ३२ किलोच्या वर जाऊ देत नाहीत, आणि तिकिटावरील मर्यादा बहुधा त्याहून कमी असते. प्रत्येक विक्रेत्याकडून हाताने लिहिलेली का होईना, पावती घ्यावी. भारतात परत येताना प्रवाशाला मिळणारी शुल्कमाफी ठराविक रकमेपर्यंतच असते आणि ती रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहावी. खरेदी तिच्यावर गेली असेल तर विमानतळावरील लाल मार्गाने (रेड चॅनेलने) जाऊन शुल्क भरावे. पावती नसली की किंमत अधिकारी ठरवतो, आणि क्रोमचा भाग त्याला नवाकोराच वाटतो.

प्रश्न : आमची 'स्टँडर्ड हेरल्ड' ही चार दारांची गाडी आहे. मुलगी लेस्टरला शिकते, तिच्याकडे उन्हाळ्यात आम्ही दोघे जाणार आहोत. मागच्या दारांच्या काचा, रबर आणि पुढच्या चाकाजवळचे काही भाग इंग्लंडमध्ये मिळतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मागच्या दारांच्या काचा मिळणार नाहीत, कारण चार दारांची हेरल्ड इंग्लंडमध्ये बनलीच नाही. इटालियन रचनाकार मिकेलोत्ती यांनी रेखाटलेली ट्रायम्फ हेरल्ड १९५९ मध्ये बाजारात आली ती दोन दारांची होती. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने भारतीय कुटुंबांच्या सोयीसाठी पुढे तिला चार दारे दिली. त्यामुळे मागचे दार, त्याची काच, त्याचे चॅनेल या गोष्टी चेन्नईच्या पुदुपेट बाजारात शोधाव्यात, किंवा सपाट काच असल्यास मापाने कापून घ्याव्यात.

बाकी बाबतीत मात्र आपण इटलीला जाणाऱ्या वाचकापेक्षा सुखी आहात. इंग्लंडमध्येही स्टिअरिंग उजवीकडे असते, आणि ट्रायम्फच्या या कुटुंबातील गाड्यांचे बहुतेक भाग तेथे आजही नव्याने तयार होतात. 'ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब' या १९७७ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे ठाणे लेस्टरशायरमध्येच, मार्केट हारबरोजवळील लबनम या गावी आहे. मुलीला आधी संपर्क साधायला सांगावे. भाग मागताना आपले इंजिन ९४८ सीसीचे आहे हे प्रथम सांगावे, कारण इंग्लंडमधील हेरल्ड लवकरच ११४७ आणि नंतर १२९६ सीसीवर गेली आणि दुकानदार सहसा त्या नंतरच्या गाड्यांचेच गृहीत धरतो.

पुढच्या चाकाजवळचे भाग म्हणताना आपल्या मनात ट्रनियन असावेत असे वाटते. उभ्या दांड्याच्या खालच्या टोकावर आट्यांनी बसणारा हा पितळी भाग हेरल्डचा सर्वांत नाजूक अवयव आहे. त्यात ईपी ९० या प्रतीचे घट्ट तेल भरायचे असते. आपल्याकडे निप्पल दिसले की ग्रीसगन लावण्याची रीत असल्याने कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षे ग्रीस भरले गेले. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोहोचत नाही, आत पाणी शिरते, दांड्याला गंज धरतो आणि एखाद्या वळणावर चाक आडवे होते. इंग्लंडहून दोन्ही बाजूंचे ट्रनियन आणावेत. डावा आणि उजवा वेगळा असतो, आटे उलट दिशांचे असतात. उभे दांडेही तपासून गंजलेले असल्यास बदलावेत. हे वजनाने थोडे आणि उपयोगाने मोठे सामान आहे. सप्टेंबरपर्यंत मुक्काम लांबला, तर हॅम्पशायरमधील ब्यूली येथे, राष्ट्रीय मोटार संग्रहालयाच्या आवारात १९६७ पासून भरणारा सुट्या भागांचा बाजार पाहावा, परंतु हेरल्डच्या भागांसाठी त्याची गरज पडेल असे नाही.

प्रश्न : माझ्या पतींना जुन्या जीपचा नाद आहे. आजवर आम्ही जेथे गेलो तेथे निम्मी सुटी भंगाराच्या आवारात गेली. यंदा मुलांनीही तक्रार केली. यावर काही उपाय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या पतींना एक दिवस द्यावा, आणि तो प्रवासाच्या आरंभीचा द्यावा. शेवटचा दिवस दिला तर ते आधीचे सर्व दिवस मनाने त्याच आवारात असतील, शिवाय सामानाचे वजन विमानतळावर कळेल. त्या दिवशी आपण आणि मुलांनी वेगळा कार्यक्रम आखावा. जीपच्या भागांसाठी कुटुंबाने उन्हात उभे राहावे असा कोणताही नियम नाही. महिंद्रांनी १९४७ पासून ही गाडी भारतातच जुळवली आणि पुढे इथेच घडवली, त्यामुळे तिचे बहुतेक भाग दिल्लीच्या काश्मीरी गेटला आणि मायापुरीत मिळतात, हेही त्यांना प्रेमाने सांगून पाहावे.

प्रश्न : मिलानजवळ एका गॅरेजमध्ये फियाट ११०० डी या गाडीचे १२२१ सीसीचे चालू इंजिन, गिअरबॉक्ससह, वाजवी किमतीत मिळत आहे. माझ्या १९६८ सालच्या फियाट 'डिलाइट'मध्ये ते बसवावे असा विचार आहे. जहाजाने मागवावे का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : मागवू नये. इटलीतील ११०० डी आणि आपली डिलाइट बाहेरून बहिणी असल्या, तरी प्रीमियरने भारतात १०८९ सीसीचेच इंजिन ठेवले होते, त्यामुळे आपल्या नोंदणीपुस्तकात तीच क्षमता आणि तोच इंजिन क्रमांक आहे. इंजिन बदलले की परिवहन कार्यालयात नोंद बदलून घेणे आले. त्याहून मोठा तोटा पुढे आहे. जुलै २०२१ मध्ये लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी मिळू शकते, परंतु चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. आपली गाडी वयाने पात्र आहे. परदेशी इंजिन घालून ती पात्रता धोक्यात का घालावी?

मालवाहतुकीची अडचण निराळीच आहे. वापरलेला माल, तो भांडवली यंत्रसामग्री नसेल तर, भारताच्या परदेशी व्यापार धोरणात निर्बंधित गटात मोडतो आणि त्यासाठी परवानगी लागते. ती नसताना खोके न्हावाशेवा बंदरात येऊन पडले, तर रोज वाढणारे साठवणुकीचे भाडे काही आठवड्यांतच इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करू लागते. त्या गॅरेजमध्ये त्याच गाडीचे मीटर, टेललाइटच्या काचा किंवा चाकांच्या टोप्या सुट्या मिळत असतील, तर त्या मात्र सामानातून अवश्य आणाव्यात. टेललाइटची काच डिलाइटच्या मापाशी आधी ताडून पाहावी, कारण भारतीय गाड्यांत ती पुढे बदलली गेली असण्याचा संभव असतो.